चारचौघांतला विश्वास

वाचक भगिनीचे पत्र

सप्रेम जय ख्रिस्त, ताई.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि वसतिगृहात राहते. जन्म ख्रिस्ती घरातला असला, तरी प्रभूवरचा विश्वास मी कळत्या वयात स्वतः स्वीकारला आहे. येथे आल्यावर आमचा सहा जणांचा गट जमला. ती मुले मनाने चांगली आहेत. मी तापाने फणफणले होते तेव्हा माझ्या उशाशी तीच जागली. पण त्यांच्या पार्ट्यांत दारू असते, एकमेकांची खोटी हजेरी लावणे हे मैत्रीचे कर्तव्य समजले जाते आणि देवाधर्माची टिंगल तर रोजचीच असते. मी दारू घेत नाही, दर वेळी औषध चालू असल्याचे निमित्त सांगते. खोटी हजेरी मात्र लावते. गेल्या महिन्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीची सर्वांनी नक्कल केली, कारण ती जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करते. मीही हसले. "तूसुद्धा त्यांच्यातलीच ना?" असे एकाने विचारले, तेव्हा "नावापुरती" असे म्हणून मी विषय बदलला. त्या रात्रीपासून प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत. आई म्हणते, हा गट सोडून दे. पाळकसाहेबांनीही अविश्वासी लोकांपासून वेगळे होण्याविषयीचे वचन दाखवले. मला मैत्री तोडायची नाही आणि असे दुटप्पी जगायचेही नाही. दीड वर्ष गप्प राहून आता एकदम धार्मिक झाले, तर ढोंगी ठरणार नाही का? पुढच्या आठवड्यात गटातल्या एकाचा वाढदिवस आहे. मी काय करू?

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम जय ख्रिस्त.

तुझ्या पत्रात गट सोडावा की सोडू नये हा प्रश्न मोठा दिसतो आणि त्या प्रार्थना करणाऱ्या मुलीचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात येऊन जातो. मला वाटते, उत्तराची सुरुवात त्या मुलीपासून व्हायला हवी. गटाचा निर्णय आज घेऊ नकोस. तो काही दिवस थांबला तरी चालेल. त्याआधी तिच्याकडे जा. असे का म्हणते, ते सविस्तर सांगते.

येशूचा शिष्य पेत्र महायाजकाच्या अंगणात त्याला नाकारतो, ही गोष्ट तू लहानपणापासून ऐकलेली आहेस, पण त्या रात्रीचा क्रम पुन्हा एकदा नीट पाहा. काही वेळापूर्वी बागेत शस्त्रे घेतलेला जमाव येशूला धरायला आला, तेव्हा याच पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला होता. म्हणजे तो भित्रा नव्हता. जिवावर बेतले असताना तो एकटा पुढे सरसावला. तोच माणूस नंतर कोळशाच्या विस्तवाशी चार लोकांत शेकत बसला आणि एका दासीने सहज विचारलेल्या प्रश्नाला "मी त्याला ओळखत नाही" असे उत्तर देऊन बसला. पुढे त्याच्या गालीली बोलीवरूनही लोकांनी त्याला ओळखले आणि प्रत्येक नव्या प्रश्नासरशी नकार अधिक ठाम होत गेला. संकट समोरून चालून येते तेव्हा मनुष्य सावध असतो, पण ऊब, गप्पा आणि आपल्याला सामावून घेणारे वर्तुळ यांच्यात सावधपणा कधी गळून पडतो हे त्याचे त्यालाही कळत नाही. तुझेही तसेच झाले आहे. दारूच्या पेल्यासमोर तू दीड वर्ष पहारा ठेवलास, आणि जिथे पहाऱ्याची गरज आहे असे वाटलेच नाही, त्या एका विनोदाच्या वेळी हरलीस.

पेत्राची कथा तिथे संपत नाही. नकारानंतर तो रडला खरा, पण त्या एकदाच्या रडण्याने त्याचा दोष कायमचा नाहीसा झाला नाही. प्रभूने पुनरुत्थानानंतर त्याला पुन्हा जवळ केले, पवित्र आत्मा उतरला, त्याने हजारोंसमोर निर्भयपणे उपदेश केला, आणि एवढे सगळे झाल्यावर अंत्युखिया शहरात तो पुन्हा घसरला. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला तो मोकळेपणाने जेवत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही यहुदी माणसे आली तेव्हा मात्र, ती काय म्हणतील या भीतीने, तो पंक्तीतून उठून वेगळा राहू लागला. त्याच्यामागोमाग बर्णबासारखा भला माणूसही ओढला गेला, आणि प्रेषित पौलाला सर्वांसमोर त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगावी लागली. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे सगळे आहे. हा प्रसंग मी मुद्दाम आठवून देते, कारण या वेळी दबाव आणणारे मित्र टवाळखोर नव्हते, ते देवाचे भय बाळगणारे आणि नियम पाळणारे लोक होते. चारचौघांत वेगळे पडण्याची भीती वसतिगृहात जितकी असते तितकीच ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आणि तिथल्या तरुण संघातही असते. तिथे फक्त हसण्याचे विषय निराळे असतात. (उपासनेला जीन्स घालून येणाऱ्या किंवा मोठ्याने प्रार्थना करता न येणाऱ्या मुलीविषयी तरुण संघात जे कुजबुजले जाते, तेव्हा आपण काय करतो, हेही कधी तपासून पाहावे.) तेव्हा गट बदलला की प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. मनुष्याचे भय तू नव्या गटातही बरोबर घेऊन जाशील.

आता त्या मुलीकडे येऊ. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेले काही प्रयोग प्रसिद्ध आहेत. एका खोलीत काही विद्यार्थी बसवून त्यांना एक रेघ दाखवली जाई आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, हे एकेकाने मोठ्याने सांगायचे असे. उत्तर उघड दिसणारे होते. एकट्याने उत्तर देताना जवळजवळ कोणीच चुकत नसे. पण खोलीतला एक जण वगळता बाकीचे सगळे आधीच पढवलेले होते आणि ते ठरावीक वेळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत. त्या एकाकी विद्यार्थ्यांनी अशा प्रसंगी एकतृतीयांशाहून अधिक वेळा, डोळ्यांना दिसणारे सोडून, बहुमताचे चुकीचे उत्तर दिले, आणि निदान एकदा तरी नमलेले जवळजवळ तीनचतुर्थांश होते. मला या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी नमण्याचे प्रमाण एकदम खाली येऊन पूर्वीच्या सुमारे पावपट होई. बहुमत तसेच होते आणि खोलीही तीच होती. बरोबर फक्त एक माणूस आला होता. आणि तो सोबती मध्येच बहुमताकडे वळला, की चुका पुन्हा वाढत.

तुझ्या बाबतीत हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. त्या वर्गात तुला एका सोबत्याची गरज आहे आणि ती मुलगी आधीपासून तिथे आहे. तसेच तिलाही एका सोबत्याची गरज होती, आणि तो सोबती तू असू शकली असतीस. एकापेक्षा दोघे बरे, कारण एक पडला तर दुसरा त्याला उठवतो, असे बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकात म्हटले आहे. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तारुण्यातल्या वासनांपासून पळ काढायला सांगितले तेव्हाही, शुद्ध मनाने प्रभूचा धावा करणाऱ्यांच्या सोबतीने नीतिमत्त्वाच्या मागे लाग, असेच सांगितले. सोबतीचा हा भाग आपण उपदेशात घाईने ओलांडतो आणि तरुणांना "खंबीर राहा" एवढेच सांगून एकटे पाठवून देतो. बंदी करून परदेशी नेलेल्या दानीएलालासुद्धा बाबेलात तीन मित्र होते.

तिच्याकडे कसे जावे, याविषयी थोडी काळजी घे. आपल्या मनावरचे ओझे हलके करण्यासाठी तिच्या मनावर नवे ओझे ठेवू नये. तिची नक्कल झाली हे तिला ठाऊकच नसेल, तर कोण काय म्हणाले आणि कसे हसले याचे वर्णन तिच्यापुढे करण्याचे कारण नाही. ते पाप देवाजवळ कबूल कर, आणि तिला एवढेच सांग की मीही ख्रिस्ती आहे, ते मी आजवर लपवून ठेवले याची मला लाज वाटते, आणि तुझ्याबरोबर आठवड्यातून एकदा प्रार्थना करायला मला आवडेल. तिला ते ठाऊक असेल, किंवा तिने तुला हसताना पाहिले असेल, तर मात्र आडवळण नको. "त्या दिवशी मी हसले, ते चुकीचे होते, मला क्षमा कर," एवढे म्हणून थांब. आपण का हसलो याचे स्पष्टीकरण जोडू नकोस, कारण क्षमेच्या मागणीला कारणे जोडली की ती मागणी हळूहळू वकिली होऊन बसते. ती कदाचित थंडपणे वागेल. कदाचित तिचा स्वभाव आणि तुझा स्वभाव जुळणारही नाही. तुला जिवाभावाची सखी मिळेलच, असे वचन मी देऊ शकत नाही, आणि तिच्याशी मैत्री जमली नाही तरी क्षमा मागणे वाया जात नाही.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, असे तू लिहिले आहेस. त्या रात्रीचा प्रसंग बाजूला ठेवून तू बाकीच्या विषयांवर प्रार्थना करायला बसतेस, म्हणून शब्द अडत असावेत, असा माझा अंदाज आहे. तोच प्रसंग पहिल्याने, आहे तसा, देवापुढे ठेव. आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे क्षमा करतो, हे योहानाच्या पहिल्या पत्रातले अभिवचन तुला पाठ असेल. पेत्रालाही प्रभूने तीनदा तोच प्रश्न विचारला, आणि तोही कोळशाच्या विस्तवाजवळच; नकाराची जागा टाळून त्याला पुढे नेले नाही.

यानंतर प्रश्न येतो तो कुठे ठाम राहायचे आणि कुठे नाही याचा. दानीएलाच्या पहिल्या अध्यायाकडे आपण साधारणपणे नकाराची गोष्ट म्हणून पाहतो, पण त्या तरुणाने काय काय स्वीकारले तेही पाहण्यासारखे आहे. परक्या राजाच्या वाड्यात राहणे त्याने स्वीकारले. खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांची भाषा आणि विद्या तो मन लावून शिकला. बेल्टशस्सर हे परक्या दैवताशी जोडलेले नाव त्याला देण्यात आले, तेही त्याने सहन केले. राजाच्या पंक्तीचे अन्न आणि द्राक्षारस इथे मात्र त्याने रेघ ओढली, आणि शास्त्र सांगते की आपण विटाळायचे नाही हा निश्चय त्याने आधी मनात केला. मग तो अधिकाऱ्याकडे गेला तो विनंती घेऊन. अधिकाऱ्याने आपल्या जिवाची भीती सांगितली, तेव्हा दानीएलाने त्याला भ्याड म्हटले नाही. त्याने कारभाऱ्यापुढे दहा दिवसांच्या परीक्षेचा मार्ग ठेवला, ज्यात त्या माणसाचेही नुकसान होणार नव्हते. निश्चय पक्का असेल तर बोलणे मऊ ठेवता येते. ज्यांचा निश्चय डळमळीत असतो त्यांनाच बहुधा आवाज चढवावा लागतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

तुझ्या यादीला हीच कसोटी लाव. खोटी हजेरी हे मला त्या यादीतले सर्वांत स्पष्ट प्रकरण वाटते, आणि तू ते दारूपेक्षा हलके समजतेस याचे मला नवल वाटले. तिथे तू प्रत्यक्ष खोटे बोलतेस किंवा खोटी सही करतेस, शिकवणाऱ्याला फसवतेस, आणि हे सर्व प्रेमाच्या नावाखाली करतेस. ते आजपासून थांबव. मागच्या सगळ्या हजेऱ्यांची तक्रार घेऊन जाऊन मित्रांना अडचणीत आण, असे मी सांगणार नाही. पण कोणी तुला थेट विचारले तर स्वतःपुरते खरे सांगण्याची तयारी ठेव. मित्रांना वर्गाच्या दारात ऐनवेळी नकार देण्यापेक्षा आदल्या दिवशीच सांगावे: "मी यापुढे कोणाची हजेरी लावणार नाही आणि माझीही कोणी लावू नका. नोट्स हव्या असतील तर केव्हाही मागा, शेजारी बसून समजावूनही देईन." शेवटचे वाक्य सोडू नकोस आणि ते पाळ. नकाराबरोबर तू स्वतःचा वेळ देऊ केलास, तर तुझा विश्वास त्यांच्याविरुद्ध आहे असे त्यांना वाटणार नाही.

टिंगलीविषयी नियम सोपा आहे, जरी पाळायला अवघड असला तरी. देवावर शंका घेणाऱ्या प्रत्येकाशी वाद घालायची तुझ्यावर सक्ती नाही. त्यांच्या काही शंका प्रामाणिक असतील आणि त्यांना "मला माहीत नाही" हेच खरे उत्तर असेल. पण कोणा माणसाची चेष्टा चालली असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर हसू नये, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हसरा इमोजीही टाकू नये. जमेल तेव्हा "असू दे, तिला सोडा" एवढे म्हणावे. रविवारची सहल हा प्रश्न तू लिहिलेला नाहीस, पण तो येईलच. संध्याकाळची उपासना गाठता येत असेल तर एखाद्या सहलीला मी खोट्या हजेरीच्या रांगेत बसवणार नाही. सगळ्याच गोष्टी सारख्या वजनाच्या केल्या की मनुष्य थकतो आणि मग नेमकी महत्त्वाची गोष्ट सोडून देतो.

आता वाढदिवस. औषधाचे निमित्त यापुढे नको. ते खोटे आहे हे एक कारण झाले. शिवाय निमित्त एका संध्याकाळपुरतेच पुरते आणि पुढच्या वेळी नवे शोधावे लागते, त्यामुळे तुझे मित्र दर वेळी पुन्हा आग्रह करतात, कारण औषध संपले की ही घेईल अशीच त्यांची समजूत तू करून दिली आहेस. "मी दारू घेत नाही" हे चार शब्दांचे वाक्य पुरेसे आहे. कोणी कारण विचारलेच, तर "माझ्या विश्वासामुळे मी तसे ठरवले आहे" असे सांग आणि दुसऱ्या विषयावर बोलायला लाग. तिथे उपदेश करायची वेळ नाही. पेल्यासमोर बसून दिलेला उपदेश कोणी ऐकतही नाही.

हे आधी ठरव, तिथे जाऊन नव्हे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तीन वयोगटांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता, काहींना एकट्याने आणि काहींना समवयस्कांच्या सोबतीने. सोबती असताना लोकांनी अधिक धोके पत्करले, आणि सोबतीचा हा परिणाम प्रौढांपेक्षा किशोरांवर व तरुणांवर अधिक दिसला. म्हणजे खोलीत एकटी असताना तुला जे स्वच्छ दिसते, ते गर्दीत तसेच दिसेल यावर भरवसा ठेवू नये. समारंभाला जायचे असेल तर जा. अविश्वासी माणसाने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जावे, असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे, आणि आपल्या प्रभूला तर जकातदारांच्या पंक्तीला बसल्याबद्दल खादाड आणि दारूबाज हे शब्द ऐकावे लागले. पण किती वाजता निघायचे ते जाण्यापूर्वी ठरव, परतण्यासाठी कोणावर अवलंबून राहू नकोस, आणि शक्य असल्यास त्या प्रार्थना करणाऱ्या मुलीला किंवा घरी कोणाला तरी सांगून जा. सगळी संध्याकाळ केवळ पिण्यासाठीच योजली असेल, तर दुपारीच त्या मित्राला भेट देऊन, त्याच्याबरोबर तासभर बसून ये आणि रात्री जाऊ नकोस. मुद्दाम वेळ काढून आलेली मैत्रीण त्याच्या अधिक लक्षात राहील, असे मला वाटते.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. आग्रह, चेष्टा आणि रुसवा हा मित्रांचा दबाव झाला. पण न सांगता पेयात काही मिसळणे, नको म्हटल्यावरही अंगाशी येणे, फोटो काढून धमकावणे किंवा खोलीत अडवून ठेवणे हे त्यात मोडत नाही. तसे काही झाले किंवा होण्याची चिन्हे दिसली, तर साक्ष टिकवण्याचा विचार करत तिथे बसू नये. मालकाची बायको अंगाशी आली तेव्हा योसेफाने पोटीफराच्या घरात आपला झगासुद्धा मागे सोडून पळ काढला. निघून यावे आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांना, घरच्यांना व गरज पडल्यास पोलिसांना सांगावे.

ढोंगी ठरशील का, असे तू विचारतेस. काही जण तसे म्हणतील, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्यही असेल. ते मान्य करायला तू घाबरू नकोस. दीड वर्ष तू जे दाखवलेस ते खरे नव्हते. त्याची भरपाई एकदम धार्मिक दिसण्याने होणार नाही, म्हणून गळ्यात मोठा क्रूस घालणे किंवा स्टेटसवर रोज वचन टाकणे यांची घाई नको. ज्याने तुला तो प्रश्न विचारला होता, त्याला एकट्याला गाठून म्हण: "त्या दिवशी मी नावापुरती म्हणाले, ते खरे नव्हते. मी प्रभू येशूवर विश्वास ठेवते. तेव्हा सांगायला मला लाज वाटली." एवढ्याने निम्मे काम होईल, कारण त्याच्यामार्फत ते गटात आपोआप पोहोचेल. पेत्राने आपल्या पत्रात दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने व आदराने द्यावे, आणि जुन्या सोबत्यांबरोबर तुम्ही पूर्वीसारखे वाहवत जात नाही याचे त्यांना नवल वाटते व ते निंदा करतात. विस्तवाजवळचा तो मनुष्य हे लिहितो, म्हणून मी त्यावर अधिक भरवसा ठेवते.

मात्र त्या निंदेला छळ म्हणू नकोस. विश्वासासाठी कैद, घरदाराचा नाश आणि मृत्यू सोसणारे ख्रिस्ती लोक इतिहासात होऊन गेले आणि आजही आहेत. तुझी चार दिवस थट्टा होईल, कदाचित एखाद्या बेतातून तुला वगळतील. ते बोचेल, पण त्याला त्याच्या मापानेच मोजावे, नाहीतर मित्र शत्रू वाटू लागतात आणि आपण स्वतःच्या नजरेत हुतात्मे होतो.

आई आणि पाळकसाहेब यांच्याविषयी. पाळकसाहेबांनी दाखवलेले वचन करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायातले असावे, आणि ते खरेच आहे. अविश्वासी लोकांबरोबर एका जुवाखाली जाऊ नये, म्हणजे ते ओढतील त्या दिशेने आपण ओढले जाऊ अशा बंधनात अडकू नये. पण त्याच मंडळीला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल हेही बजावतो की, जगातल्या जारकर्मी आणि लोभी माणसांशी मुळीच संबंध ठेवायचा नाही असा माझा अर्थ नव्हता, कारण मग तुम्हाला जगातूनच निघून जावे लागेल. प्रभूनेही आपल्या शिष्यांना जगातून काढून घ्यावे अशी प्रार्थना केली नाही. वाइटापासून राखावे अशी केली. दोन्ही वचने पाळकसाहेबांपुढे ठेवून त्यांच्याशी मोकळेपणाने बोल. त्यांना तुझ्या गटाची फक्त पार्टीची बाजू ठाऊक असेल, तापातली नसेल.

तरीही गट सोडण्याची वेळ येऊ शकते, आणि ती ओळखायची खूण मी देते. आता तू तीन गोष्टी करणार आहेस: हजेरी लावणे बंद, दारूला सरळ नकार, आणि टिंगलीत न हसणे. त्यानंतर एक-दोन महिने काय होते ते पाहा. कुरकुर करून, चिडवून, शेवटी "तिचे तसेच आहे" म्हणून त्यांनी तुला तुझ्या जागी राहू दिले, तर ती मैत्री ठेवण्याजोगी आहे आणि तिथे तुझे कामही आहे. पण प्रत्येक भेटीत तुला नमवणे हाच खेळ होऊन बसला, किंवा तूच घरी परतताना प्रत्येक वेळी काहीतरी गमावून येत असशील, तर कुसंगतीने नीती बिघडते हे वाक्य तुला लागू झाले असे समज. मग भांडण न करता अंतर वाढव. आजारपणात केलेल्या सेवेचे ऋण विसरू नकोस, त्यांच्या अडचणीत धावून जा, पण तुझ्या संध्याकाळी दुसरीकडे घालव.

आईला हे पत्र दाखवलेस तर बरे. ती काळजीपोटी बोलते, आणि समवयस्कांचा दबाव हा केवळ तरुणांचा आजार नाही हे तिलाही ठाऊक असेल. वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून बरोबर वाढलेल्या मित्रांचे ऐकणारा आणि त्यापायी इस्राएलाचे दहा वंश गमावणारा रहबाम राजा झाला तेव्हा ४१ वर्षांचा होता. खोट्या हजेरीचेही तिला सांग. तिला ते ऐकून राग येईल, पण दारूच्या भीतीने ती रात्री जागत असेल, तर तू ती घेत नाहीस हे तिला तुझ्या तोंडून, निमित्ताशिवाय, कळायला हवे.